डोक्यावर चढलेलं पायपुसणं

जुन्या सुती साडीची उतरंड ठरलेली होती: आधी गोधडी, मग बाळाची दुपटी, शेवटी पायपुसणं. जरीची असली तर बोहारणीशी तासभर हुज्जत घालून स्टीलचा डबा. आता पायपुसण्याच्या लायकीचा टी-शर्ट हेअरबँड होऊन थेट डोक्यावर चढतो आणि पर्यावरण वाचवतो. कृती सोपी, हे मान्य. पोटाकडून दोन आडव्या पट्ट्या कापायच्या, ताणायच्या; होजिअरीच्या कडा आपसूक गुंडाळल्या जातात, शिवणयंत्र नको. दोन्ही पट्ट्या एकमेकींत अडकवल्या की झाली मधली गाठ. ती कपाळावर आली तर कलावंत, मानेमागे गेली तर जाळीजळमटं काढायला निघालेली. टोकं जोडली की हेअरबँड तयार. आता त्यावर शोभेलसा नवा टी-शर्ट तेवढा घ्यायचा राहिलाय.