न्यूयॉर्कचं घड्याळ, पनवेलचा कुकर

नवीन पनवेलमध्ये रात्रीचं जेवण किती वाजता व्हायचं, हे अमेरिकेचं सरकार ठरवतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात आणि न्यूयॉर्कची सकाळी नऊची मीटिंग आमच्याकडे साडेसातऐवजी साडेसहाला लागते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा साडेसात. वरच्या मजल्यावरच्या वहिनींना संकष्टीचा चंद्रोदय कालनिर्णयात बघावा लागतो, पण हे दोन रविवार तोंडपाठ आहेत. मीटिंग चालू असताना कुकर लावायचा नाही, हा त्या घरचा कडक नियम. एकदा तिसरी शिट्टी थेट मॅनहॅटनला ऐकू गेली आणि तिकडच्या साहेबांनी घाबऱ्याघुबऱ्या विचारलं म्हणे, सगळे सुखरूप बाहेर पडलात ना?

तरी मुलगा मल्टिनॅशनलमध्ये आहे, हे सांगताना वहिनींचा आवाज एक पट्टी वर चढतो. चढणारच. महिना संपायच्या आत पगार खात्यात. आईवडिलांसकट मेडिक्लेम. पीएफ खरोखर भरला जातो. (ह्या ‘खरोखर’ची किंमत ज्यानं शेठच्या पेढीवर उमेदीची वर्षं घालवली, त्याला विचारावी.) साहेबांच्या मुलीच्या लग्नात पंगतीला वाढायला उभं राहावं लागत नाही, की त्यांच्या सत्यनारायणाला गेलो नाही म्हणून बढती अडत नाही. आडनावावरून जात ताडायची सोय साहेबांना नाही, कारण ते आडनाव त्यांना उच्चारताच येत नाही. ह्याच कामासाठी आपल्याकडचे समाजसुधारक शे-दीडशे वर्षं झिजले.

‘त्यापेक्षा सरकारी कंपनी बरी’ म्हणणारे एक काका प्रत्येक सोसायटीत असतात. आमच्या काकांपुढे फक्त रसायनीचं नाव काढायचं नाही. पनवेलपासून हाकेच्या अंतरावर 1960 साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सचा कारखाना होता. तिथे चिकटलेल्या मुलाला स्थळांची वाण नव्हती. 2017 साली केंद्रीय मंत्रिमंडळानं तिथलं उत्पादन बंद करायला मंजुरी दिली. रॉकेटच्या इंधनाला लागणारं रसायन बनवणारा विभाग तेवढा वाचला आणि इस्रोकडे गेला. थोडक्यात, सरकारी कंपनीतही टिकायचं तर अवकाशात जायची तयारी हवी.

आता पॅकेजकडे वळू. लग्नाच्या बायोडेटात वार्षिक अठरा लाख लिहिलेलं असतं. त्यात कंपनीचा पीएफचा वाटा असतो, पाच वर्षं टिकलात तरच हाती लागणारी ग्रॅच्युइटी असते आणि ‘व्हेरिएबल’ नावाची एक आशा असते. ही आशा कंपनीच्या जागतिक कामगिरीवर अवलंबून. ब्राझीलमध्ये शाम्पू खपला नाही की नवीन पनवेलमध्ये गाडीचा हप्ता थकतो. पोरगं रोज ठाणे लोकलमध्ये ऐरोलीपर्यंत लोंबकळत जातं, पण ब्राझीलच्या लोकांनी केस धुवावेत म्हणून त्यानं नेमकं काय करायचं, हे अप्रेझलच्या फॉर्मवर कुठेच लिहिलेलं नसतं.

ऑफिसातल्या आयकार्डच्या दोऱ्या बघण्यासारख्या असतात. कंपनीच्या माणसाची निळी, कंत्राटदाराच्या माणसाची पिवळी. काम तेच, टेबल तेच, पण मेडिक्लेम निळ्या दोरीला आणि ऑफिसच्या पार्टीत पिवळीला फक्त चहा. गेटवरच्या वॉचमनची दोरी आणखी तिसऱ्याच रंगाची. ज्यांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली, त्यांच्यातले पाचजण 1984 च्या जानेवारीत उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात गेले. त्यांच्या गावची नातवंडं ह्या तिसऱ्या रंगाच्या दोरीसाठी ठेकेदाराकडे चिठ्ठी घेऊन जातात. ऑफिसच्या भिंतीवर ‘आपण सारे एक कुटुंब’ लिहिलेलं आहे. कुटुंबात सावत्रही असतात म्हणा.

खरी पंचाईत नोकरी जाते तेव्हा होते. शेठला शिव्या घालता यायच्या, युनियन फाटकावर मोर्चा न्यायची. इथे मेल यायच्या आधी लॅपटॉप बंद पडतो. मॅनेजर बंगळुरूचा, तो म्हणतो मला आत्ताच कळलं. त्याचा साहेब सिंगापूरला, त्याचा डब्लिनला, त्याच्याही वर शेअरहोल्डर. हे शेअरहोल्डर कोण म्हणून माग काढत गेलं तर त्यात निघतात आमचेच काका, कारण त्यांची एसआयपी परदेशी शेअर घेणाऱ्या म्युच्युअल फंडात आहे. मोर्चा लिफ्टनं नेता येईल. पण काकाही म्हणणार, मला आत्ताच कळलं.

वहिनींच्या मुलाचं मात्र अजून बरं चाललंय. गणपतीला त्याला सुट्टी मिळाली नाही, पण कुठूनही काम करायची मुभा मिळाली. मुंबई-गोवा महामार्ग सुरू होतो आमच्या पनवेललाच, तेव्हा घरातनं निघाला तो थेट माणगावच्या रांगेत जाऊन उभा राहिला आणि गाडीतूनच डब्लिनच्या मीटिंगला बसला. हॉर्न ऐकून साहेबांनी विचारलं, हे काय चाललंय? त्यानं सांगितलं, रस्त्याचं काम. कधीपासून? 2011 पासून. पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग साहेब म्हणाले, एवढी वर्षं एकच प्रकल्प चालवूनही ज्याची नोकरी शाबूत आहे, त्या माणसाचा बायोडेटा ताबडतोब पाठवून दे.