अण्णांचे ४२० मायक्रॉन

अण्णा हे सांगली डेपोचे निवृत्त कंडक्टर. विट्याच्या रस्त्यावरचे सगळे टप्पे आणि त्यांचे दर ज्यांना अजून तोंडपाठ आहेत, त्यांना नजर तपासायचा तक्ता पाठ व्हायला कितीसा वेळ लागणार? मिरजेच्या डोळ्यांच्या दवाखान्यात आधीच्या पेशंटने अक्षरं वाचली, ती अण्णांनी कान देऊन ऐकली आणि स्वतःची पाळी आल्यावर शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा म्हणून दाखवली. डाव्या डोळ्यापुढे धुकं होतं, पण पास होणं महत्त्वाचं. मधुमेही माणसाचा हा जुनाच संस्कार आहे. रक्त द्यायच्या आधी दोन दिवस कारल्याचा रस, भाताला रामराम, पहाटे फेरफटका. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी चाचणी आली आणि या ऐनवेळच्या अभ्यासाला कुणी मार्क देईनासं झालं. अण्णांच्या मते ही चाचणी म्हणजे पेशंटवर उघड अविश्वास.

तक्ता फसतो, ओसीटीचं यंत्र फसत नाही. हनुवटी टेकवायची, समोरच्या खुणेकडे बघायचं. प्रकाशकिरण डोळ्यामागच्या पडद्याचा उभा छेद संगणकावर काढून दाखवतात. मध्यभागी पडद्याची जाडी साधारण अडीचशे मायक्रॉन असावी. अण्णांची निघाली ४२०. आकडा ऐकून काकूंना हसू आवरेना.

"पडद्याला सूज आहे," डॉक्टर म्हणाले. "डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल."

"दंडात दिलं तर चालणार नाही का?" अण्णांनी विचारलं. वर, दंड मोठा आहे, हेही सांगितलं.

रोग दुखत नाही आणि उपचार नुसता ऐकूनच दुखतो, ही या आजाराची गंमत. साखरेने पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं कमजोर होत जातात, झिरपू लागतात आणि माणूस तोवर खुशाल पेपर वाचत असतो. म्हणून तर प्रौढपणी मधुमेहाचं निदान झालं की लगेच, आणि पुढे दरवर्षी, पडदा तपासून घ्यायचा असतो. अण्णा दरवर्षी चष्मा बदलत. डोळे दाखवले का म्हटलं की चष्म्याच्या दुकानाचं नाव सांगत.

भीती डॉक्टरांच्या खोलीत तयार होत नाही. ती बाहेरच्या बाकांवर तयार होते, आणि त्याला जबाबदार ते थेंब. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की काही तास जवळचं दिसत नाही, उजेड सोसत नाही. मोबाइल असून बघता येत नाही, अशी वीस माणसं शेजारी शेजारी बसवल्यावर ती बोलणार नाहीत तर काय करतील? जयसिंगपूरचे एक काका आणि अथणीहून आलेल्या आजी मराठी-कानडीत अनुभव वाटत होत्या. "लेझरनं डोळा जाळत्यात." "सुई आरपार जातीया." ज्याच्या बाबतीत हे घडलं तो नेमका कुणाच्या तरी साडूचा मेहुणा असल्यामुळे चौकशीला हजर नव्हता.

त्यातलं जाळण्याचं मात्र खरं आहे. जुलै १९४५ मधलं सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी बघून पडदा भाजून घेतलेला एक विद्यार्थी गर्ड मायर-श्विकेराथ या जर्मन डॉक्टरांकडे आला. सूर्य पडदा भाजू शकतो, तर हवा तिथेच का भाजू नये, असं त्यांच्या मनात आलं. १९४९ मध्ये त्यांनी हॅम्बुर्गच्या दवाखान्याच्या गच्चीवर आरसे-भिंगं मांडून उन्हाच्या झोताने पेशंटच्या पडद्याला डागण्या दिल्या. ढग आला की उपचार खोळंबणार! लेझर पुढे आलं. कडेचा थोडा पडदा भाजायचा आणि मधली नजर वाचवायची, हा सौदा फायद्याचा असल्याचं अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाने १९७०च्या दशकात दाखवून दिलं. अण्णांना लेझर सांगितलेलंच नव्हतं. पण ग्रहणाचा विषय निघाल्यामुळे काकूंनी घरी गेल्या गेल्या पत्रिका काढली.

मुलाने मोबाइलवर औषधाचं नाव घातलं, बेव्हासिझुमॅब, आणि जाहीर केलं, "हे तर आतड्याच्या कॅन्सरचं!" घरात दिवसभर कुणी टीव्ही लावला नाही. औषध मूळचं कॅन्सरचंच. नको तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटण्याचा इशारा देणारं प्रथिन ते अडवतं, आणि डोळ्यातलं झिरपणंही त्याच प्रथिनाच्या चिथावणीने चालतं. हे हेरून मायामीच्या डॉ. फिलिप रोझेनफेल्ड यांनी २००५ मध्ये ते डोळ्यात वापरून पाहिलं. डोस इतका कमी की किंमतही आटोक्यात आली. किमतीचं ऐकल्यावर टीव्ही लागला.

प्रत्यक्ष प्रसंग फारच निराशाजनक निघाला. बधिर करणारे थेंब, तपकिरी जंतुनाशक, पापण्या मिटू नयेत म्हणून चिमटा. सुई बुबुळात नाहीच. त्याच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर लांब, पांढऱ्या भागात. औषध मिलिलिटरचा विसावा हिस्सा. "टोचताना सांगा हं," अण्णा म्हणाले. "टोचून झालं," डॉक्टर म्हणाले. बाकावर बसून सांगावं असं काहीच हाती लागलं नाही.

संध्याकाळी नजरेच्या तळाशी काळे गोळे दिसू लागले, तेव्हा अण्णांना जरा बरं वाटलं. घाबरायला काहीतरी मिळालं. फोनवर कळलं, औषधाबरोबर गेलेले हवेचे बुडबुडे ते. डोळ्यात वर तरंगतात, पण प्रतिमा उलटी पडत असल्यामुळे खाली दिसतात. सकाळपर्यंत तेही गेले. मात्र दुखलं, डोळा लाल झाला किंवा नजर कमी वाटली, तर ताबडतोब यायला सांगितलं होतं. अण्णा दर तासाला आरशात बघत राहिले.

इंजेक्शनं दर महिन्याला होत गेली, आकडा तीनशेच्या खाली आला. मग काकूंनी विम्याची पॉलिसी पुढे ठेवली. विमा नियामकाने २०१९ मध्ये ज्या बारा आधुनिक उपचारांना संरक्षण द्यायला सांगितलं, त्यांत डोळ्यातलं इंजेक्शन आहे. रकमेवर मर्यादा घालायची मोकळीकही कंपन्यांना आहे. ती मर्यादा अर्थातच सगळ्यांत बारीक अक्षरांत छापलेली. अण्णांनी ती डाव्या डोळ्याने वाचली, रक्कम बघून पुन्हा वाचली, आणि उजव्या डोळ्याने काही वेगळं दिसतं का तेही पाहिलं.