जावईबापू, सरदार आणि विजेचा खांब

बनशंकरी, बंगळूर
फेब्रुवारीचा पहिला आठवडा

ती. आईस,


पत्र मिळालं. पण आई, पाकिटावर बंगळूरच्या खाली ठळक अक्षरात ‘भारत’ लिहायची काय गरज होती? निपाणी ओलांडली की परदेश, हे तुझं मत मला लग्नाच्या बैठकीपासून ठाऊक आहे, टपाल खात्याला कशाला कळवायचं? आणि परदेश म्हणावा तर इथं शहाजीराजांची जहागीर होती. १६३८ साली विजापूरच्या फौजेनं हे गाव घेतलं तेव्हापासून आपली माणसं इथं आहेत. आमच्या पलीकडच्या हनुमंतनगरात वाढलेला एक शिवाजीराव गायकवाड बसवर कंडक्टर होता, त्याला तू रजनीकांत म्हणून ओळखतेस. तेव्हा ‘पोरगी परमुलखात पडली’ हे नळावर सांगणं आता बंद कर.

सरदार बरा आहे. फोटो बघून तू हळहळलीस, पण मुधोळचा कुत्रा तसाच असतो गं. पोट खपाटीला, पाय लांब, बरगड्या लांबून मोजता याव्यात. मुधोळच्या मालोजीराव घोरपड्यांनी ह्याच जातीची जोडी पंचम जॉर्जला नजर केली होती, आणि आता लष्करानंही ही जात घेतली आहे. हे मी आमच्या गल्लीत सांगून थकले. समोरच्या आज्जी रोज फाटकाशी थांबतात, आधी त्याच्याकडे बघतात, मग माझ्याकडे. ती नजर समजायला कन्नड यावं लागत नाही. परवा तर त्यांनी डब्यातून बिसीबेळे भात आणून त्याच्यापुढे ठेवला. सरदारानं डबा चाटूनपुसून लख्ख केला आणि वर माझ्याकडे असं पाहिलं, की बघणाऱ्याला वाटावं, जन्मात पहिल्यांदाच पोटभर मिळालं. घरात सकाळी अंडं, दुपारी दूध-भाकरी, रात्री खिमा. राजघराण्यातल्या कुत्र्यांना खाल्ल्या घरचे वासे मोजायची सवय असते की काय कोण जाणे.

‘घरात कुत्रा आला तर मी बाहेर’ असं तुझ्या जावयानं बजावलं होतं, आठवतंय ना? आता कुत्रा सोफ्यावर असतो आणि हे खाली सतरंजीवर. निवृत्त झाल्यापासून सकाळचा पेपर त्याला मोठ्यानं वाचून दाखवतात. अग्रलेख सुरू झाला की सरदार डोळे मिटतो. तो लक्ष देऊन ऐकतो, असं ह्यांचं म्हणणं.

मांजर मात्र आम्ही आणलं नाही, ते आपणहून आलं. पांढरी, वर काळे नि तांबडे ठिपके. रंग कालवायची माझी जुनी प्लेट उपडी घातल्यासारखी दिसते. नाव सुब्बी. तिला मराठी कळत नाही. ‘ये गं’ म्हटलं की पाठ फिरवते, ‘बारे’ म्हटलं की शेपटी ताठ करून येते. इतकी वर्षं भाजीवाल्याशी हिंदीत आणि खुणांनी भागवणारा हा माणूस मांजरीसाठी कन्नड क्रियापदं शिकतोय. माझ्यासाठी आजवर काय शिकलात, असं विचारलं तर म्हणाले, गप्प बसायला.

ते काही खरं नाही. मी चित्र काढायला बसले की ह्यांना कंठ फुटतो. पिशवीत थर्मास, छत्री, घडीचं स्टूल, पाण्याच्या दोन बाटल्या, एक प्यायची आणि एक ब्रशाची, दोन्हींवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या. तयारी बघून डोळे भरून यावेत. पण माझं बस्तान बसलं, की पाठीशी उभं राहून देखरेख सुरू. ‘आकाश झालं का?’ ‘त्या झाडाला डावीकडे आणखी एक फांदी आहे.’ आणि मग ह्यांचा ठरलेला आक्षेप: ‘तू खांब गाळलास.’

हे खांबाचं प्रकरण नीट सांगते, म्हणजे दोष कुणाचा ते तूच ठरव. आमच्या मागच्या रस्त्यावर सध्या टॅबेबुया फुललाय. पान एक नाही, नुसता गुलाबी ढीग, खाली रस्त्यावरही तेवढीच गुलाबी रास. मी तो काढला. झाडाच्या पुढ्यात विजेचा खांब आहे, त्याला ट्रान्सफॉर्मर, त्याला केबलची वेटोळी, त्या वेटोळ्यांवर कुणीतरी वाळत घातलेलं पायपुसणं. हे सगळं मी गाळलं. कुणीही गाळेल. पण आयुष्यभर कारखान्यात आराखडे तपासलेला माणूस. म्हणाले, ‘जे आहे ते दाखवायचं नाही, याला आमच्यात फसवणूक म्हणतात.’ मी म्हटलं, लग्नाच्या फोटोत तुमचं टक्कल फोटोग्राफरनं झाकलं होतं, ते चाललं? तर दोन दिवस अबोला. त्या दोन दिवसांत ह्यांचा निरोप सरदारामार्फत यायचा: ‘सरदार, हिला सांग, चहा झालाय.’

रविवारी पहाटे आम्ही तुरहळ्ळीच्या टेकडीवर जातो. इथून जवळच आहे, नुसते मोठमोठे गोल धोंडे आणि मध्ये खुरटी झुडपं. पहिल्यांदा गेले तेव्हा काही केल्या रंग जमेना. आपल्या पन्हाळ्याचा कातळ कसा, अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना घातला की उभा राहतो. काळा, ओला, पावसात चमकणारा. त्याच्यावर माझा हात बसलेला. इथला दगड वेगळा, गुलाबी-राखाडी, अंगावर फिक्या पट्ट्या. त्याला आधी यलो ऑकरचा पातळ हात द्यायचा, तो ओला असतानाच लाइट रेड सोडायचा, तो आपला आपण पसरतो. वाळल्यावर एका बाजूनं कोबाल्टची सावली. सावली द्यायची घाई केली तर सगळा चिखल. हा नाइस जातीचा खडक, लालबागेत त्याचाच मोठा डोंगर आहे, सुमारे तीनशे कोटी वर्षं जुना. आपला सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटींचा. म्हणजे पन्हाळा ह्याच्यापुढे रांगतं पोर. हे ऐकून हे म्हणाले, ‘तीनशे कोटी वर्षं हललेला नाही, तुला असंच मॉडेल हवं.’

ह्यांचा टोमणा कशावरून, ते तुला कळलं असेल. मी धोंडे काढते, कुत्रा काढते, मांजर काढते, ह्यांना काढत नाही, ही जुनी तक्रार. आणि तिला खतपाणी घातलं ते देविकाराणीनं. आजी ‘अछूत कन्या’च्या गोष्टी सांगायची ना, तीच देविकाराणी. तिनं सिनेमा सोडून १९४५ साली स्वेतोस्लाव रोरिक ह्या रशियन चित्रकाराशी लग्न केलं. आधी कुलूच्या बाजूला राहिले, मग बंगळूरला आले आणि कनकपुरा रस्त्यावर ततगुणीला साडेचारशेहून जास्त एकरांच्या मळ्यात संसार थाटला. आमची बनशंकरीही त्याच रस्त्यावर, पण आमच्या वाट्याला दोन खोल्या आणि गॅलरी. रोरिकनं एकीकडे हिमालय रंगवला आणि एकीकडे बायको. तिची चित्रं बघून हे मला म्हणाले, ‘बघ, कलावंतानं जोडीदाराला कसं अमर केलं.’ मी म्हटलं, त्याच्या जोडीदाराला पहिलं फाळके पारितोषिक मिळालं होतं, आणि ती बसल्या जागी दर पाच मिनिटांनी ‘झालं का?’ विचारत नसणार.

तरी एकदा बसवलंच. गॅलरीत खुर्ची, मागून सकाळचं ऊन. इथलं ऊन फार गुणी आहे आई, गाव समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर, त्यामुळे नऊ वाजेपर्यंत ते अंगावर येत नाही, नुसतं टेकतं. कपाळ छान जमत होतं. तेवढ्यात ह्यांना आठवलं की गॅसवर दूध आहे. मग फोन आला. मग सरदार उठला म्हणून हे उठले. शेवटी कागदावर राहिलं ते रिकाम्या खुर्चीत ऐसपैस बसलेलं मांजर. त्यापेक्षा झोपलेल्या सरदाराची पाठ कशी एका दमात ओढता येते, मानेपासून वर, कमरेपाशी एकदम खाली, पेन्सिल उचलावी लागत नाही. एक कान तेवढा जागा असतो, तो शेवटी काढायचा.

आता चित्रसंतेचं. जानेवारीतल्या एका रविवारी चित्रकला परिषद कुमार कृपा रस्त्यावर चित्रांचा बाजार भरवते, २००४ पासून. दिवसभर रस्ता वाहनांना बंद आणि दोन्ही बाजूंना नुसती चित्रं. आम्ही मेट्रोनं गेलो, आमच्या बनशंकरीहून हिरवी लाइन सरळ संपिगे रोडला जाते. स्टेशनात माझी चित्रं सामान तपासायच्या मशीनमधून गेली. पडद्यावर रंकाळा अजिबात दिसत नव्हता, फक्त फ्रेमचे खिळे दिसत होते. आयुष्यात इतकं परखड परीक्षण कुणी केलं नव्हतं.

गर्दी विचारू नकोस. विक्रीला हे बसले. एका बाईंना टॅबेबुया आवडला. पिशवीत हात घातला, पैसे काढणार, तेवढ्यात ह्यांच्यातला आराखडेवाला जागा झाला. ‘मॅडम, प्रत्यक्षात इथं ट्रान्सफॉर्मर आहे.’ आणि वर मोबाइलमधला फोटो दाखवला. पायपुसण्यासकट. बाई म्हणाल्या, ‘मी तिथेच राहते, ते माझंच आहे’ आणि इतक्या हसल्या की चित्र घेऊन गेल्या. घासाघीस न करता. त्यामुळे हे आता स्वतःला विक्रीकलेतले तज्ज्ञ समजतात. बाकी रंकाळा आणि पन्हाळा दोन्ही परत आले. सुब्बीचं खुर्चीतलं चित्र मात्र पहिल्या तासात गेलं. दादाला सांग, हसू नकोस म्हणावं.

उरलेली चित्रं माळ्यावर चढवताना ह्यांनी आबालाल रहिमानांची आठवण काढली. शाहू महाराज गेल्यावर त्यांनी आपली चित्रं कोटीतीर्थात सोडली, असं आपल्याकडे सांगतात ना. ‘तूही यडियूरच्या तळ्यात सोड,’ म्हणाले, ‘माळ्यावर जागा होईल.’ मी म्हटलं, कोल्हापुरात चित्र पाण्यात सोडलं तर दंतकथा होते, इथं महापालिका दंड करील. त्यावर दंड किती असेल, ते बघायला हे मोबाइल घेऊन बसले.

तू सांगितल्याप्रमाणे शुक्रवारी देवीला जाऊन आले. मूळ ठाणं बदामीचं, पण इथल्या बनशंकरीलाही गर्दी असते, आणि ती राहुकाळात. आपल्याकडे राहुकाळात कुणी उंबरा ओलांडत नाही, इथं त्याच वेळी बायका रांगेत. लिंबू अर्धं कापायचं, पिळायचं, साल उलटी करून वाटी करायची, तूप, वात, झाला दिवा. शेकडो दिवे एकदम लागले की उलट्या सालीचा आतला पांढुरका पिवळा रंग ज्योतीनं असा उजळतो, की तो रंग मला अजून कागदावर आणता आलेला नाही. हे स्टीलची बाटली घेऊन आले होते. कशाला, म्हटलं, तर ‘पिळलेला रस वाया जातो.’ माझा तर घेतलाच, शेजारच्या दोघींचाही मागून आणला. दोन दिवस आम्ही देवीच्या कृपेनं सरबत पितोय.

दादा महिनाअखेरीला येणार आहे, त्याच्याबरोबर बाबांचं ते लाकडी ईझल पाठव. पाय मोडलाय ते माहीत आहे, हे दुरुस्त करतील, आराखडा काढून झालाय. कांदा-लसणीची चटणी भरपूर पाठव, पण डबा दोन पिशव्यांत बांध आणि वरून दोरी मार. मागच्या खेपेला चटणी दादाच्या कपड्यांत सांडली आणि सरदारानं त्याची बॅग रात्रभर राखली, दादाला दात घासायचा ब्रशसुद्धा काढू दिला नाही.

वहिनीला नमस्कार, पोरांना पापा.

तुझी,
शालू