बसू नका, खिशात फोन आहे

सप्टेंबर 2025 मध्ये ॲपलने 5.6 मिलिमीटर जाडीचा आयफोन एअर आणला. भारतात सुरुवातीची किंमत 1,19,900 रुपये. त्याच्या चारच महिने आधी सॅमसंगचा 5.8 मिलिमीटरचा गॅलेक्सी एस 25 एज येऊन गेला होता. म्हणजे ॲपलने 0.2 मिलिमीटरने मैदान मारलं. एवढ्या फरकासाठी आमचा शिंपी टेप पुन्हा लावत नाही. ‘धुतल्यावर बसेल’ म्हणतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

फोन बारीक करा, अशी मागणी घेऊन मोर्चा निघाल्याचं कुणी पाहिलंय का? फोनच्या जाडीने गांजलेला माणूस मला अजून भेटायचाय. बॅटरीने गांजलेली माणसं मात्र रेल्वे स्टेशनात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या हॉलमध्ये प्लगभोवती कोंडाळं करून उभी दिसतात. पण बॅटरी दुकानात दिसत नाही, बारीकपणा दिसतो. गिऱ्हाईक फोन हातात घेतं, आडवा धरून डोळ्यांसमोर नेतं, ‘अरे वा’ म्हणतं आणि कार्ड काढतं. पुढची दोन-तीन वर्षं हा फोन जिथे काढणार आहे, त्या खिशाचं नाव काउंटरवर कुणी घेत नाही.

आणि खिसा ही काही सुखाची जागा नव्हे. जीन्स घट्ट, मांडी त्याहून घट्ट, वरून किल्ल्यांचा जुडगा. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकवून बसणाऱ्याचा सगळा भार नेमका फोन असलेल्या बाजूवर येतो. शेअर रिक्षात ‘जरा सरका’ म्हणत शेवटचा माणूस आत घुसला की बाकीच्यांच्या खिशातलं सगळं सामान कुशीवर वळतं. बायकांना हा त्रास कमी, कारण त्यांच्या कपड्यांना खिसा देण्याचं औदार्य अजून कुणी दाखवलेलं नाही. जो असतो तो रुमालाचीही गैरसोय करतो.

खिसा आणि बारीक फोन यांचं पहिलं जाहीर भांडण झालं 2014 च्या सप्टेंबरात. आयफोन 6 ची जाडी 6.9 मिलिमीटर, 6 प्लसची 7.1. आदल्या वर्षीचा 5 एस 7.6 चा होता. नवे फोन आकाराने मोठे, अंगाने बारीक, आणि कवच मऊ ॲल्युमिनियमचं. विक्री सुरू होऊन आठवडा उलटायच्या आत लोक खिशातून केळ्याच्या आकाराचे फोन काढू लागले. कॅनडातल्या लुइस हिल्सेनटेगर या यूट्यूबरने कॅमेऱ्यासमोर नुसत्या अंगठ्यांनी 6 प्लस वाकवून दाखवला. आवाजाच्या बटणांसाठी कडेला खाचा पाडल्या होत्या, त्याच भागात तो वाकत होता. ज्याला अभियांत्रिकीचा गंध नाही त्यालाही आता फोनचं मर्मस्थान कळलं.

ॲपलचा खुलासा आला: सहा दिवसांत फक्त नऊ ग्राहकांनी वाकलेल्या फोनची तक्रार केली आहे, नेहमीच्या वापरात असं होणं अत्यंत दुर्मीळ आहे. पहिल्या तीन दिवसांतच एक कोटीहून जास्त फोन खपले होते, त्यामुळे नऊ हा आकडा गोंडस दिसत होता. पाठोपाठ पत्रकारांना प्रयोगशाळाही दाखवली. तिथे यंत्रं फोन दाबत होती, पिळत होती, आणि ‘बसण्याची चाचणी’ही होती. घट्ट जीन्सच्या मागच्या खिशात फोन घालून कडक जागेवर तिरकं बसलं तर काय होईल, हेसुद्धा तपासलं होतं म्हणे. चौथ्या सीटचा समावेश होता की नाही, ते कुणी विचारलं नाही.

प्रतिस्पर्ध्यांना आयती संधी मिळाली. एलजीच्या फ्रान्समधल्या शाखेने ट्विट टाकलं की आमचे फोन वाकत नाहीत, ते मुळातच वळणदार असतात. ट्विट खाली स्वतःच सांगत होतं की ते आयफोनवरून टाकलेलं आहे.

‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या अमेरिकी नियतकालिकाने अंगठ्यांऐवजी यंत्र वापरलं. आयफोन 6 ने सुमारे 32 किलोला मान टाकली, 6 प्लसने सुमारे 41 ला. सॅमसंगचा प्लॅस्टिकचा, चेष्टेचा विषय झालेला, जाडजूड नोट 3 सुमारे 68 किलोपर्यंत तग धरून होता. सौंदर्यस्पर्धेत नापास झालेल्याने कुस्ती मारली.

यात गूढ काही नाही. एखाद्या पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनावर अवलंबून असतो. जाडी निम्मी केली की ताठपणा निम्मा राहत नाही, आठवा हिस्सा राहतो. 7.1 वरून 5.6 वर आलात तर धातू तोच असताना ताठपणा निम्म्याच्या आसपास येतो. जाहिरातीत दीड मिलिमीटर वाचलेला दिसतो, त्याच्यामागे आलेला घन दिसत नाही. आणि ॲल्युमिनियम एका मर्यादेपलीकडे वाकलं की मूळ जागी परतत नाही. काच तर वाकण्याच्या भानगडीतच पडत नाही. सगळ्यात वाईट गोष्ट बॅटरीची. लिथियमच्या पातळ पाकिटात एकमेकांना शिवायला नको असलेले थर एकमेकांना खेटून बसवलेले असतात. पाकीट चेपलं की आत शॉर्ट सर्किट होऊन आग लागू शकते. विमानात फोन सीटच्या फटीत पडला तर सीट हलवू नका, कर्मचाऱ्यांना बोलवा, असं बजावतात ते उगीच नाही.

पुढच्या वर्षी आयफोन 6 एस आला. जाडी 0.2 मिलिमीटरने वाढलेली, ॲल्युमिनियम 7000 मालिकेचं, जास्त बळकट. दोष नव्हताच, तरी दुरुस्ती झाली. 2018 मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्यात कंपनीची अंतर्गत कागदपत्रं उघड झाली, तेव्हा कळलं की कंपनीच्या स्वतःच्या चाचण्यांत आयफोन 6 हा 5 एस पेक्षा 3.3 पट आणि 6 प्लस तब्बल 7.2 पट जास्त वाकण्याजोगा ठरला होता. ‘अत्यंत दुर्मीळ’ या शब्दांना सात पॉइंट दोनने गुणलं की काय उरतं, हे गणित वाचकांनी सोडवावं.

वाकलेला फोन निदान डोळ्यांना दिसतो. खरी पंचाईत न दिसणाऱ्या वाकण्याची. 2016 मध्ये 6 प्लसच्या पडद्यावर वरच्या बाजूला करडी पट्टी थरथरू लागली आणि स्पर्श कळेनासा झाला. कवच लवचिक असल्यामुळे आतला बोर्डही खिशात रोज थोडा-थोडा लवत होता. स्पर्श ओळखणाऱ्या चिप्सखालचे टाचणीच्या डोक्याहूनही बारीक सोल्डरचे ठिपके तडकत होते. रिपेअरवाल्यांनी रोग ओळखला. ते चिप काढायचे, नवी बसवायचे, फोन चालू करून द्यायचे. कंपनीने नोव्हेंबरात 149 डॉलर घेऊन दुरुस्तीची योजना जाहीर केली आणि कारण दिलं की फोन कठीण जमिनीवर अनेकदा पडल्यावर आणि त्यावर आणखी ताण आल्यावर असं होतं. म्हणजे दोष तुमच्या हाताचा. पैसेही त्याच हाताने मोजायचे.

लामिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत रिपेअरच्या टेबलापाशी उभं राहा. हातात चिमटा धरलेला पोरगा मान वर न करता विचारतो, ‘काका, मागच्या खिशात ठेवता का?’ काका नाही म्हणतात. पोरगा फोन सपाट काचेवर ठेवतो. फोन डुगडुगतो. काका छताकडे बघतात.

बारीक होण्याच्या शर्यतीत ॲपल काही एकटं नव्हतं. त्याच 2014 च्या ऑक्टोबरात ओप्पोने 4.85 मिलिमीटरचा आर 5 काढला. इतका बारीक की इयरफोनची पिन त्यात मावेना, म्हणून भोकच काढून टाकलं. डिसेंबरात विवोने 4.75 चा एक्स 5 मॅक्स आणून 0.1 मिलिमीटरने बाजी मारली. ही साधारण एका जाडसर केसाची रुंदी. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते ओप्पोला त्या दिवशी समजलं असावं. आपलं मायक्रोमॅक्सही मागे राहिलं नाही. 2015 मध्ये त्यांचा 5.1 मिलिमीटरचा कॅनव्हास स्लिव्हर 5 आला, बॅटरी 2000 एमएएच. दुपारचं जेवण होईपर्यंत फोन आणि मालक दोघेही सुस्तावत. ही सगळी बारीक मंडळी आज कुठे आहेत? ज्याच्या खिशात मावत होती, त्याच्या आठवणीतही राहिली नाहीत.

आता नव्या एअरला न्याय दिला पाहिजे. तो वाकत नाही. निदान सहजासहजी तरी नाही. चौकट टायटेनियमची आहे, धातू चिवट आहे, आणि त्याचा छळ करायला बसलेल्या यूट्यूबरांनाही हातांनी तो मोडता आला नाही. बटणांजवळच्या खाचांनी 2014 मध्ये धडा शिकवला होता, तो कुणीतरी लिहून ठेवला असणार. पण 5.6 मिलिमीटर हे माप कॅमेऱ्याचा उंचवटा सोडून घेतलेलं आहे. डोकं सोडून उंची मोजायची म्हटली तर मीही सुबक दिसेन. फोनचा जवळजवळ सगळा मेंदू त्या उंचवट्यात कोंबलाय, उरलेल्या अंगात बॅटरी, तीही 3149 एमएएच. हा आकडा कंपनीलाही थोडा वाटला असावा, कारण फोनसोबतच पाठीला चिकटवायची वेगळी बॅटरी विकायला ठेवली, किंमत 99 डॉलर. कडांना लावायचा बंपरही काढला, 39 डॉलरला.

म्हणजे कंपनी आधी जाडी काढून घेते, त्याचे पैसे लावते. मग तीच जाडी दोन हप्त्यांत परत देते, त्याचेही पैसे लावते. आपण एक पाऊल पुढचे. दुकानातून बाहेर पडायच्या आधीच ‘भाऊ, एक दणकट कव्हर दाखवा, कोपऱ्याला हवा भरलेलं’ म्हणतो, वर टेम्पर्ड ग्लास चिकटवतो, मागे अंगठी लावतो. सव्वा लाखाचा सडपातळ फोन घरी पोचेपर्यंत 2003 च्या नोकिया 1100 एवढा होतो. त्या नोकियाला टॉर्च होती, तो पडला तर लोक आधी फरशी बघायचे, आणि जगभरात त्याचे 25 कोटी नग खपले. बारीक म्हणून कुणी त्याचं कौतुक केल्याचं आठवत नाही.

दरम्यान सॅमसंगने या भांडणातून वेगळीच वाट काढली. जुलै 2025 मध्ये आलेला गॅलेक्सी झेड फोल्ड 7 उघडल्यावर 4.2 मिलिमीटरचा आहे, मधोमध दुमडतो, आणि भारतातली सुरुवातीची किंमत 1,74,999 रुपये. दहा-अकरा वर्षांपूर्वी वाकलेला फोन घेऊन माणूस तणतणत दुकानात जायचा. आता वाकणारा फोन घ्यायला हप्ता बांधून जातो. फक्त कंपनीने आखून दिलेल्या जागीच वाकवायचा, भलतीकडे वाकला तर वॉरंटीचं काही सांगता येत नाही.