विहीर, दुधाची सायकल आणि धावा

ट्रायथलॉनमधला सगळ्यात गाजलेला प्रकार, म्हणजे आयर्नमॅन, निव्वळ वादावादीतून जन्माला आला हे कळलं आणि मला त्या खेळाबद्दल एकदम आपुलकी वाटली. 1977 साल. हवाई बेटांवर कुठल्याशा शर्यतीचा बक्षीस समारंभ. जेवताना विषय निघाला, की खरा दमाचा गडी कोण? पळणारा, पोहणारा, की सायकलवाला? जॉन कॉलिन्स नावाच्या नौदल अधिकाऱ्याने तोड काढली. बेटाच्या आसपास पोहण्याची, सायकलची आणि मॅरेथॉनची अशा तीन शर्यती होतच होत्या. त्या एकाच दिवशी लागोपाठ करायच्या, पहिला येईल तो लोखंडी माणूस. 18 फेब्रुवारी 1978 रोजी 15 जण उतरले, 12 पोचले. गॉर्डन हॅलर पावणेबारा तासांत पहिला आला. दुसरा आलेला जॉन डनबार आधी पुढे होता म्हणतात, पण त्याच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली.

असले वाद आमच्या माळशिरसला पारावर रोज होतात. फक्त वाद घालणारा उठून पोहायला जात नाही.

मी जायचं ठरवलं. आयर्नमॅनला नव्हे. तिथे 3.8 किलोमीटर पोहून, 180 किलोमीटर सायकल हाणून, वर 42 किलोमीटर पळायचं असतं. गोव्यात मिरामारला 2019 पासून त्याची निम्मी आवृत्ती होते, पण तिची प्रवेशफीच पाच आकडी, म्हणजे शर्यतीआधीच दम निघतो. कोल्हापुरात राजाराम तलावातही ट्रायथलॉन होते. तिथवर जाण्याआधी आपण बुडतो की तरतो हे तरी बघावं म्हणून मी ‘स्प्रिंट’ प्रकार निवडला: 750 मीटर पोहणं, 20 किलोमीटर सायकल, 5 किलोमीटर पळणं.

पुण्यातल्या मित्राला फोन केला, तर त्याने सामानाची यादी पाठवली. वेटसूट, ट्रायसूट, कार्बनची सायकल, सायकलला चिकटणारे बूट, मनगटावरचं घड्याळ आणि शर्यतीत खायचं ‘जेल’. बेरीज बघून मी फोन उलटा ठेवला. मग एकेक ओळ मारत गेलो. पाणी कोमट असेल तर वेटसूट नियमानेच चालत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला याहून सुखद नियम नसेल. ट्रायसूट म्हणजे पोहायला, सायकलला आणि पळायला एकच कपडा. माझ्याकडे शाळेत शिकवताना वापरायची एक हाफ पँट होती, तिने याहून जास्त कामं केलेली आहेत. यादीत शेवटी एकच वस्तू उरली जी खरंच टाळता येत नाही. हेल्मेट. नियम असा, की हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय सायकलला हातसुद्धा लावायचा नाही.

घरी सांगितलं तर वहिनी म्हणाल्या, “ते मिलिंद सोमण करतात तेच का?”

“तेच. त्यांनी 2015 साली झुरिकला केलं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर.”

“मग भावजी, तुम्हाला अजून वेळ आहे की,” म्हणून त्या भाकरी थापायला लागल्या.

पोहायची जागा ठरलेलीच होती, मामांची विहीर. तालुक्यातून नीरा उजवा कालवा जातो, वीर धरणाचं पाणी घेऊन, आणि नवख्याला तो फार मोहक दिसतो. त्यात उतरू नये. कालव्याला ओढ असते आणि अस्तर केलेल्या काठावर हाताला धरायला काही नसतं. विहीर बरी. मात्र विहिरीचं वेळापत्रक आपण ठरवत नाही, लाईट ठरवते. लाईट आली की मोटर चालू, आणि मोटर चालू असताना विहिरीत उतरणाऱ्याला पुढचं काही करावं लागत नाही. जगात लोक पहाटे पाचला उठून सराव करतात. मी लाईट जायची वाट बघत बांधावर चड्डीवर बसून असायचो. शिवाय मामांनी स्टार्टरचा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवल्याशिवाय मला पायरी उतरू दिली नाही. ट्रायथलॉनमधली एवढी चोख सुरक्षाव्यवस्था मी दुसरीकडे ऐकलेली नाही. वर काठावर दोर आणि बूच मारलेला रिकामा डबा तयार.

विहीर चाळीस फूट रुंद. म्हणजे 750 मीटरला साठ-बासष्ट वेळा आरपार. हे मोजायचं कुणी? मामा म्हणाले, मी बसतो. त्यांनी बासष्ट शेंगा मोजून धोतराच्या सोग्यात घेतल्या. मी एकदा आरपार गेलो की एक शेंग फोडून खायची, शेंगा संपल्या की पोहणं संपलं. पद्धत निर्दोष होती. मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मान वर काढून हात मारत होतो. (पुण्याचा मित्र म्हणतो, तोंड पाण्यात घालून, दर दोन-तीन हातांनी बाजूला वळून श्वास घ्यायचा, पाय खाली बुडत नाहीत. खरं आहे. पण विहिरीत मान खाली घातली की दिवड दिसतो का नाही ही शंका माणसाला वर काढते.) निम्म्यावर आलो असेन, तोवर शेजारच्या वस्तीवरचे तात्या आले. “काय चाललंय?” म्हणत बसले आणि सवयीने सोग्यात हात घातला. दोघांचं उसाच्या बिलावर बोलणं सुरू झालं. पुढच्या चार-पाच फेऱ्यांतच मामा वरून ओरडले, “ये वर, संपलं!”

“मामा, निम्मंच झालंय.”

“शेंगा संपल्या. माझ्यावर विश्वास न्हाय का?”

पंचांच्या निर्णयावर दाद मागायची नसते. उरलेल्या फेऱ्या मी मनात मोजून पुऱ्या केल्या आणि त्याबद्दल मला “आगाव” ही पदवी मिळाली.

सायकल चुलत्यांची. बावीस इंची, काळी, पंधरा-वीस वर्षं डेअरीला दूध घालून निवृत्त झालेली. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना कॅनचे आकडे वेल्डिंग केलेले, ते निघत नाहीत. शर्यतीची सायकल सात-आठ किलोची असते. ही नुसती स्टँडवर चढवायला व्यायाम लागतो. गिअर नाहीत. गावातल्या दुकानात नवी चेन, ब्रेकचे नवे रबर, दोन ट्यूब आणि ग्रीस असा खर्च केला, तोही दुकानदाराने “शर्यतीला?” असं दोनदा विचारून हसू आवरल्यावर. हौशी माणसाला हीच शिफारस मी करीन. नवी सायकल घेण्याआधी जुनीचे ब्रेक आणि टायर घ्यावेत, आणि सीट पुरेशी वर करावी. सीट खाली असली की गुडघे हनुवटीला येतात आणि दोष वयाला जातो.

हेल्मेट मोटरसायकलचं, दाजींचं, तोंड झाकणारं. शर्यतीत हे चालत नाही, तिथे सायकलचंच लागतं. घरच्या प्रयोगाला चालवून घेतलं. दाजी स्वतः ते गाडीच्या आरशाला अडकवून हिंडतात, त्यामुळे अगदी नवं होतं. ओल्या चड्डीवर बनियन, त्यावर ते काळं हेल्मेट, खाली दुधाची सायकल, असा मी मळ्यातून पालखी मार्गावर आलो आणि पहिल्याच वस्तीवर एक आजी हात करून म्हणाली, “आज एवढा उशीर? अर्धा लिटर दे.”

खुडूस फाट्यापर्यंत मला तीन ठिकाणी दुधाची मागणी आली. दुधाच्या धंद्यात उतरलो असतो तर खेळ फायद्यात गेला असता.

हा रस्ता मी मुद्दाम निवडला नव्हता, तो आहेच. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुत्यानंतर माळशिरसला मुक्कामाला येते, दुसऱ्या दिवशी खुडूस फाट्याला गोल रिंगण होतं आणि मुक्काम वेळापूरला पडतो. माळशिरस ते वेळापूर साधारण एकोणीस किलोमीटर. मामांच्या मळ्यापासून धरलं तर वीस. म्हणजे स्प्रिंट ट्रायथलॉनचं सायकलचं अंतर आणि पालखीची एका दिवसाची चाल एकच. डोक्यावर तुळस घेतलेल्या सत्तरीच्या बाया हे अंतर आषाढात पायी चालतात, संध्याकाळी तंबू लावून स्वयंपाक करतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा निघतात. त्यांना कुणी मेडल देत नाही आणि त्यांनी यादीही मागवलेली नसते.

आता मार्ग रुंद झालाय. दिवस गाळपाचे, त्यामुळे दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर रस्ताभर. पुढच्या सायकलस्वाराच्या आडोशाने जाऊन वारा चुकवणं हौशी ट्रायथलॉनमध्ये नियमबाह्य आहे. वाहनाचा आडोसाही नियमात बसत नाही, पण उसाच्या ट्रॉलीचं नाव काही तिथे नाही. मी एका ट्रॉलीमागे अंतर राखून बराच वेळ सुखात होतो. ट्रॅक्टरवर लावलेल्या गाण्यांचा ठेका पायडलला जमत होता. मग शाळेतली पोरं धावत आली, त्यांनी ट्रॉलीतून ऊस उपसले आणि एक कांडं माझ्याही हातात दिलं. पुण्यात जेलच्या एका पुडीला शंभराच्या वर पडतात. ऊस एका हाताने खाता येत नाही, हा त्यातला एकमेव दोष. हेल्मेट घालून तर अजिबातच येत नाही.

“पाव्हणं, आलाय कुठनं आणि निघालाय कुठं?” एक मोटरसायकलवाला शेजारून गाडी चालवत विचारत होता. त्याच्या डोक्यावर टोपी होती, मागे दोघं, टाकीवर एक पोर.

“वेळापूर. सायकल झाली की पळायचंय.”

“सायकल बंद पडली का?”

“न्हाय. चांगली चाललीय.”

“मग पळायचं कशापायी?”

या प्रश्नाला हवाईतही उत्तर सापडलेलं नाही. तो माझी काळजी वाटून बराच वेळ सोबत राहिला.

वेळापूरच्या अलीकडे धावा बावी माउंट लागतो. परंपरा अशी, की तुकोबांना इथून पंढरीच्या देवळाचा कळस दिसला आणि ते धावत सुटले. पंढरपूर अजून तीसेक किलोमीटर. अजूनही वारीत इथे धावा होतो. अवघी दिंडी टाळ सावरत उतारावरून पळत सुटते. माझी पळायची जागा यापेक्षा चांगली कुठे असणार? टपरीवर सायकल लावली. ट्रायथलॉनमध्ये सायकल ठेवून पळायला निघण्याच्या या टप्प्याला चौथा खेळ म्हणतात. तिथे लोक सेकंद वाचवतात. मला चहा घ्यावाच लागला, कारण चहा न घेता सायकल ठेवू देत नव्हते.

आणि मग पाय. सायकलवरून उतरून पळायला लागलं, की पहिला किलोमीटरभर ते शेजाऱ्याकडून मागून आणल्यासारखे वाटतात. याला सरावाशिवाय इलाज नाही: आठवड्यातून एकदा सायकलनंतर लगेच दहा मिनिटं तरी पळायचं, पाय समजूत काढून घेतात. उतार होता म्हणून निभावलं. गावात शिरेपर्यंत पाच किलोमीटर भरले नव्हते, म्हणून अर्धनारीनटेश्वराच्या देवळाकडे वळलो. यादवकाळातलं देऊळ, काळा दगड, आत शिवपार्वतीची जोडमूर्ती. वेळापूरला रामचंद्रदेव यादवाच्या काळातले मराठी शिलालेख आहेत. मी देवळाबाहेरून वळसे घालत होतो. पुजाऱ्याने काही वेळ बघितलं आणि विचारलं, “नवस हाय का?”

हो म्हणालो. पहिल्यांदाच कुणाला समाधानकारक उत्तर मिळालं. त्याने पाणी दिलं आणि उरलेल्या फेऱ्याही मोजल्या, शेंगांशिवाय.

शर्यत संपली तेव्हा लक्षात आलं, की सायकल टपरीवर, कपडे मामांच्या विहिरीवर आणि फ्यूज त्यांच्या खिशात. ट्रायथलॉनच्या नियमपुस्तकात परतीचा प्रवास नसतो. फाट्यावर डाळिंबाच्या रिकाम्या क्रेटचा टेम्पो उभा होता. ड्रायव्हर म्हणाला माळशिरसपर्यंत सोडतो, तुझे तीस, वाटेत सायकल घेतली तर सायकलचे पन्नास.

“सायकलचे जास्त कसे?”

“तू पळत येऊ शकतोस,” तो म्हणाला, “तिला आणावी लागती.”