गुलाब गाडावेत कसे आणि संसार करावा कसा

(थंड मुलखातले मराठी गुलाबप्रेमी व त्यांचे जोडीदार यांच्यासाठी)

पात्रता

ज्या घरात दोन माणसं आणि किमान दहा गुलाब राहतात, आणि ज्या घराबाहेर जानेवारीत पारा उणे तिसाकडे झुकतो, त्याच घरांसाठी हे मार्गदर्शन आहे. पुण्या-नाशिकच्या मंडळींनी ते करमणूक म्हणून वाचावं. त्यांच्याकडे थंडी पडली की गुलाब फुलतात, जानेवारीत ते टपोरी फुलं घेऊन प्रदर्शनात जातात आणि बक्षिसाचा कप घेऊन घरी येतात. आपण मिनेसोटाबद्दल बोलतो आहोत. इथे जानेवारीत गुलाब दाखवायचा असेल तर आधी बर्फ उकरावा लागतो, मग पालापाचोळा, मग माती.

घरातल्या ज्या माणसाला गुलाबांचं वेड आहे, त्याला यापुढे 'भक्त' म्हटलं आहे, दुसऱ्याला 'जोडीदार'. भक्त पुरुषच असतो असं नाही. दोघंही भक्त असतील तर त्यांना मार्गदर्शनाची गरज नाही, त्यांना स्वयंपाक करणारं तिसरं माणूस हवं.

थंडी किती आहे, हे कोणत्या मापात मोजायचं ते लग्नानंतर लगेच ठरवून घ्यावं. भारतातून आलेला भक्त सेल्सियसमध्ये घाबरतो आणि इथे रुळलेला जोडीदार फॅरनहाइटमध्ये धीर देतो. हा वाद उणे चाळिसाला संपतो, कारण तिथे दोन्ही मापं एकच आकडा दाखवतात. निसर्गाने नवरा-बायकोच्या एकमतासाठी राखून ठेवलेली ही एकमेव जागा. त्याच्याही खाली गेलं की बाजू बदलतात. उत्तर मिनेसोटातल्या टॉवर गावाजवळ २ फेब्रुवारी १९९६ रोजी पारा फॅरनहाइटच्या उणे साठावर गेला होता, म्हणजे सेल्सियसच्या उणे एक्कावन्नावर. त्या सकाळी धीर कोणी कोणाला द्यायचा, याबद्दल घरोघरी संभ्रम असणार.

पूर्वतयारी

ऑक्टोबर आला की मराठी भक्ताचा हात आपोआप कात्रीकडे जातो. पाऊस संपला, मुळं उघडी करा, खत घाला, छाटणी करा: हे आपल्याकडचं वेळापत्रक त्याच्या रक्तात असतं. इथे त्या हातावर जोडीदाराने हळूच चापट मारावी. ऑक्टोबरात छाटलं की झाडाला कोवळे फुटवे येतात आणि पहिल्याच कडक गारठ्यात ते काळे पडतात. इथे खत ऑगस्टच्या मध्याला बंद करायचं आणि सप्टेंबरात फुलं तोडणंही थांबवायचं. फुलं झाडावरच सुकू दिली, त्यांची लाल बोंडं धरली, की झाडाला कळतं, आता झोपायचं.

याचा सांसारिक अर्थ असा की जोडीदाराच्या वाट्याला बागेतलं फूल येण्याचा काळ जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत. आता मराठी लग्नं कधी लागतात ते पाहा. तुळशीचं लग्न झालं की सुरू होतात, मे महिन्यात कळस गाठतात आणि आषाढी एकादशीपासून चातुर्मास म्हणून थांबतात. म्हणजे मिनेसोटाचा गुलाब बरोबर चातुर्मासात फुलतो. लग्नाच्या वाढदिवसाला स्वतःच्या बागेतला गुलाब देणं इथल्या बहुतेक मराठी भक्तांना पंचांगाप्रमाणेच अशक्य आहे. ही सबब खरी आहे, तिचा निःसंकोच वापर करावा. मात्र पंचांग दाखवताना हातात दुसरं काहीतरी असावं.

गाडण्याची कृती

बाजारात लांब देठावर एकच डौलदार फूल मिळतं, ते हायब्रिड टी जातीचं. हिला मिनेसोटाची थंडी सोसत नाही. त्यावर अल्बर्ट नेल्सन या इथल्याच गृहस्थांनी १९५०च्या दशकात तोडगा काढला: झाडावर पांघरूण घालण्याऐवजी झाडच जमिनीत घालायचं. याला 'मिनेसोटा टिप' म्हणतात. मिनियापोलिसच्या लिंडेल पार्कात १९०८ सालची सार्वजनिक गुलाबबाग आहे. तिथल्याही नाजूक जाती याच पद्धतीने गाडत आले आहेत. उन्हाळ्यात त्या बागेत लग्नं लागतात. ऑक्टोबरात नवविवाहितांना तिकडे फिरायला नेऊ नये.

साहित्य: चार दातांचं फावडं, न कुजणारी नायलॉनची दोरी, जाड हातमोजे, जोडीदार.

ऑक्टोबरच्या मध्याला, दिवाळीच्या फराळाचं निघण्याआधी, हे काम उरकावं. फांद्या दोरीने खालून वर गुंडाळत एकत्र बांधाव्यात. दोरीचं टोक मातीबाहेर राहील एवढं लांब ठेवावं, म्हणजे एप्रिलमध्ये कोण कुठे निजलंय ते सापडतं. झाडाच्या एका बाजूला त्याच्या उंचीएवढा लांब चर खणावा. मग बुंध्याभोवतीची माती लांबूनच सैल करत यावं आणि बुंध्याशी फावडं लावून झाड हळूहळू चरात आडवं करावं. वाकायला हवीत ती मुळं, खोड नव्हे. हे एकट्याने होत नाही. एकाने ढकलायचं, दुसऱ्याने बांधलेल्या फांद्या धरून खाली आणायच्या. संवाद साधारण असा होतो:

"धर."

"धरलंय."

"वाकव नाही म्हटलं, धर म्हटलं."

"तू ढकलतेयस म्हणून वाकतंय."

"हळू! जीव आहे त्याला."

या ठिकाणी "आणि मला?" हा प्रश्न जोडीदाराच्या ओठांवर येतो. तो गिळावा. खोडातून 'कट्' असा आवाज आला तर "मी काही केलं नाही" असं म्हणू नये, काही केलं नसलं तरी. मातीचा थर नीट बसेपर्यंत कोणीही कोणाच्या आईवडिलांचा उल्लेख करू नये.

माती घातल्यावर वरून पालापाचोळ्याचा हात-दीड हात जाड थर द्यायचा, पण लगेच नाही. जमीन गोठायला लागेपर्यंत थांबायचं. तोवर उंदरांनी दुसरीकडे बिऱ्हाड केलेलं असतं. घाई केली तर ते पाचोळ्यातच मुक्काम ठोकतात आणि हिवाळाभर फांद्यांची साल कुरतडत बसतात.

आता एवढी पानं आणायची कुठून, हा प्रश्न येतो, आणि इथेच या मोसमातला खरा प्रणयप्रसंग आहे. नोव्हेंबरात इथले लोक अंगणातली पानं पिशव्यांत भरून रस्त्याच्या कडेला ठेवतात. ओकची पानं सगळ्यात चांगली, कारण ती भुसभुशीत राहतात. मेपलची ओली झाली की एकमेकांना चिकटून बसतात. रात्री जेवणं आटोपल्यावर भक्त अचानक म्हणतो, "चल, गाडीतून एक चक्कर मारून येऊ." जोडीदार चकित होतो. केसांवरून कंगवा फिरवतो, ठेवणीतला स्वेटर घालतो. गाडीत हीटर सुरू असतो, जुनी गाणी लागलेली असतात, तळ्याकाठच्या रस्त्यावर दिवे लागलेले असतात. भक्त एका हाताने स्टिअरिंग धरून दुसरा हात पुढे करतो. जोडीदार तो हात हातात घेणार एवढ्यात ते बोट कडेला रोखलेलं असतं: "ओक! सात पिशव्या! उतर लवकर."

जोडीदाराने उतरावं. पिशवी उचलण्याआधी दार वाजवून घरमालकाला विचारावं. तो नेहमी हो म्हणतो आणि नंतर बराच वेळ खिडकीतून बघत राहतो. परतताना मागच्या सीटवर पिशव्या छतापर्यंत रचलेल्या असतात, आरशात काही दिसत नाही आणि गाडीभर सुक्या पानांचा वास भरलेला असतो. खरं सांगायचं तर अख्ख्या वर्षात ही दोघं दुसऱ्या कुठल्याही कारणाने इतका वेळ एका गाडीत न भांडता बसत नाहीत. म्हणून अनुभवी जोडीदार पिशव्या मोजतो आणि दोन कमी पडतायत असं उद्या संध्याकाळी सांगतो.

पांघरुणाविषयी इशारा

सासूबाईंनी जुन्या नऊवाऱ्यांची शिवून पाठवलेली गोधडी गुलाबांवर घालू नये. भावनिक कारण सोडा, शास्त्रीय कारण असं की कापड भिजतं, गोठतं आणि कामातून जातं.

याहून मोठा गैरसमज जोडीदाराच्या मनात असतो. त्याला वाटतं, भक्त झाडांना ऊब देतोय, आणि त्यावरून पुढचा रुसवा. वस्तुस्थिती उलट आहे. माती आणि पाचोळा झाडाला गरम ठेवत नाहीत, एकसारखं थंड ठेवतात. जानेवारीत दोन दिवस ऊन पडतं, बर्फ पाझरतो, उघड्या झाडाला वाटतं वसंत आला. ते जागं होतं, आणि तिसऱ्या रात्री पारा कोसळला की खोडाची साल तडकते. बाजारात गुलाबांवर घालायच्या थर्मोकोलच्या टोप्या मिळतात. त्यांना वर भोक पाडलं नाही तर उन्हात आतमध्ये हाच घोळ होतो. थंडीपेक्षा आशेनेच इथे जास्त गुलाब दगावतात.

घरातही हाच नियम लावावा. अबोला धरायचाच असेल तर डिसेंबर ते मार्च एका पातळीवर धरावा. सोमवारी लाडाने साबुदाण्याची खिचडी करायची, मंगळवारी तिच्यात मीठ जास्त होतं म्हणायचं, बुधवारी माफी मागायची आणि गुरुवारी ती मागे घ्यायची, याने साल तडकते. तिकिटं काढलेली नसतील तर ऐन फेब्रुवारीत "फ्लोरिडाला जाऊ या का?" असं म्हणून जोडीदाराला अवेळी अंकुर फुटू देऊ नयेत. किंचित थंड राहून सलोख्याने हिवाळा काढणारी जोडपी इथे पुष्कळ आहेत. शेजाऱ्यांना वाटतं, ती मिनेसोटाचीच आहेत.

खुंट वर येणे

हा भाग लग्नाळू वाचकांनी दोनदा वाचावा. कलमी गुलाब म्हणजे एका झाडाच्या मुळांवर दुसऱ्याचा डोळा भरलेला असतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा गुलाबांचा खुंट 'डॉ. ह्यूई' नावाचा असतो. फिलाडेल्फियातल्या एका दंतवैद्याच्या नावावरून हे नाव पडलं. हा गुलाब १९२०मध्ये बाजारात आला तेव्हा त्याला फुलांसाठी लावत. आता तो बहुतेक जमिनीखालीच असतो, दुसऱ्यांना आधार देत. कडक हिवाळ्यात वरचं कलम मेलं की हा खालून फुटतो. भक्ताने 'पीस' लावलेला असतो, पिवळा, कडांना गुलाबी. तीन वर्षांनी जूनमध्ये तिथे लांबच लांब फांद्यांवर गडद लाल फुलं येतात, तीही वर्षातून एकदाच. शेजारी कौतुक करतात. भक्त आत जाऊन झोपतो.

लग्नातही जोडीदाराने पसंत केलेलं असतं ते कलम: मोकळं हसणारं, भांडी घासणारं, "तुझं करिअर आधी" म्हणणारं. मग एक वाईट हिवाळा येतो. नोकरी जाते, हीटर बिघडतो, मूल रात्रभर खोकतं. आणि एका सकाळी तेच माणूस वर्तमानपत्राआडून म्हणतं, "आमच्याकडे चहा असा करत नाहीत." जोडीदाराने घाबरू नये. हे सासरेबुवा आहेत. खुंट पहिल्यापासून होता, फक्त मातीखाली होता. उपाय एकच: लावतानाच कलमाचा जोड चांगला तीन-चार इंच खोल पुरावा, आणि खालून फुटवा दिसला की वरून कापत न बसता मुळाशी हात घालून खेचून काढावा. कापला की तो दुप्पट येतो, हे सासरेबुवांनाही लागू आहे.

'पीस'चीही एक गोष्ट सांगून ठेवतो. फ्रान्सिस मेयाँ या फ्रेंच गुलाबतज्ज्ञाने तो घडवला आणि आपल्या आईचं नाव दिलं. 'पीस' हे नाव अमेरिकेत १९४५मध्ये मिळालं. घरात शांतता हवी असणाऱ्या सुनांनी हा क्रम लक्षात ठेवावा.

जे झाकावे लागत नाहीत

न गाडता तगणारे गुलाब आहेत. ओटावाच्या सरकारी शेतकी केंद्रात फेलिसितास स्वेज्दा या बाईंनी ते तयार केले आणि त्यांना कॅनडाच्या दर्यावर्दी शोधकांची नावं मिळाली: जॉन कॅबट, हेन्री हडसन, विल्यम बॅफिन. त्यांतला बॅफिन तर माणसाच्या डोक्यावर जातो, काटे भरपूर, फुलं गडद गुलाबी, आणि हिवाळाभर त्याच्याकडे कोणी बघितलं नाही तरी चालतं. भक्त म्हणतो, असला गुलाब नको, ज्याची काळजी घ्यावी लागत नाही त्याच्यावर जीव कसा जडणार? हे वाक्य भक्ताने जोडीदारासमोर बोलू नये. जोडीदार गेली अकरा वर्षं स्वतःच अंगणातला बर्फ ओढतोय, स्वतःच औषधं आणतोय, स्वतःच तापातून उठतोय, आणि बॅफिन कोण ते त्याला चटकन कळतं.

फेब्रुवारी

जानेवारीपासून रोपवाटिकांचे कॅटलॉग येऊ लागतात. ते पलंगावर उशाशी दिवा लावून वाचायची प्रथा आहे. "आहाहा, काय गोलाई आहे!" असा उद्गार काढण्याआधी भक्ताने पानावरचं चित्र जोडीदाराला दाखवावं.

मग १४ तारीख. अंगणात चाळीस गुलाब गाडलेले असताना भक्ताला दुकानातून बारा गुलाब विकत घ्यावे लागतात, याची लाज वाटू देऊ नये. ते कोलंबिया किंवा एक्वाडोरच्या डोंगराळ भागातून मायामीमार्गे विमानाने आलेले असतात. विषुववृत्ताचं ऊन आणि उंचीवरच्या गार रात्री, म्हणून देठ इतके लांब आणि फूल इतकं मोठं. हे सगळं मेणबत्तीपुढे सांगू नये. फुलाला वास नाही, हेही सांगू नये. जोडीदाराने ते हुंगलेलं आहे.

एप्रिल

उकरायची वेळ एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात येते. नेमकी १५ तारखेला अमेरिकेत प्राप्तिकराच्या विवरणपत्राची मुदत संपते, आणि नवरा-बायकोने ते एकत्र भरलं तर सह्या दोघांच्या लागतात. फांदी आडवी कापून गर पांढरा निघाला तर भक्त रात्रीपर्यंत घरात येत नाही. तपकिरी निघाला तर तो जेवणाच्या टेबलाशी बसत नाही. दोन्ही बाबतींत सही राहून जाते. तेव्हा सही आधी घ्यावी आणि फावडं मग उचलावं. फेब्रुवारीत मागवलेल्या नव्या झाडांची खोकी त्याच आठवड्यात दारात येतात. ती लपवायला गॅरेज सोयीचं, पण तिथे गाडी रोज कोण लावतं, ते आधी आठवून पाहावं.