रांजणगावचं इंजिन आणि काकूंची उलटतपासणी

"डिझेल? रोज कुरकुंभला जाऊन यायला डिझेल?" शेजारच्या काकू कुंपणाला टेकल्या. "अगं, नवऱ्याला म्हणावं ट्रकच घ्या मग."

गाडीचा विषय निघाला तो माझ्या भावामुळे. माझं माहेर शिरूर, जुन्या लोकांचं घोडनदी. भाऊ रांजणगाव एमआयडीसीत कामाला. त्याच्या ओळखीतल्या एकाची 2017 ची डिझेल स्विफ्ट आहे, सव्वाचार लाख म्हणतोय. भावाचा एकच धोशा, इंजिन आपल्या गावचं आहे! त्यात खोटं काही नाही. फियाटचं ते 1.3 मल्टिजेट रांजणगावच्या कारखान्यात तयार व्हायचं, टाटांच्या गाड्यांत बसायचं, मारुतीलाही तिथून पुरवठा झालेला आहे. गाडीवेडे त्याला 'नॅशनल इंजिन' म्हणायचे. 2020 ला बीएस-6 चे नियम आले, ते इंजिन थांबलं आणि मारुतीने तर डिझेल गाड्याच सोडल्या.

"इंजिनाला कोण नावं ठेवतंय?" काकू म्हणाल्या. "पण तुमचं रनिंग किती? कंपनीत जाणं-येणं, महिन्यातून एकदा तुझं माहेर. पुण्याला जायचं तर दौंडचा माणूस रेल्वे सोडून टोल भरत बसतो का? डिझेल गाडी घेताना महाग, सर्व्हिसिंगला महाग, आणि टर्बो किंवा इंजेक्टर गेला की घरातलं सोनं आठवतं. एवढ्याशा रनिंगवर ते पैसे निघायचे नाहीत."

काकूंनी जन्मात स्टिअरिंग धरलेलं नाही. पण भाच्याचं गॅरेज आहे आणि तो जेवायला इथेच असतो, त्यामुळे आमच्या गल्लीत कुणाच्या गाडीच्या पोटात काय दुखतंय ते मालकाआधी काकूंना कळतं.

मी म्हटलं, "मग नवीच घ्यावी का? सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. ऑल्टो, एस-प्रेसो चार लाखांच्या आत आल्या की."

"शोरूमच्या पाटीवर आल्या. त्यावर पेट्रोल गाडीला 11 टक्के रोड टॅक्स, इन्शुरन्स, शिवाय ते सेल्समन लोक मॅटपासून कोटिंगपर्यंत काय काय गळ्यात मारतात. तरी एक सांगते, हप्ता झेपत असेल आणि माणसं चारच असतील तर नवी छोटी गाडी वाईट नाही. तुझे सासरे मागे बसणार, त्यांचे गुडघे बघ आधी."

सासऱ्यांचे गुडघे हा आमच्या घरातला राष्ट्रीय प्रश्न. म्हणून मी दुसरं स्थळ काढलं. शिरूरलाच एका शिक्षिकेची 2019 च्या दिवाळीत घेतलेली वॅगन-आर, पेट्रोल, एकाच हातची. चार लाखांत बसेल म्हणतात.

"दिवाळीतली? मग बरी." काकू खुलल्या. "त्या वर्षी जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, एबीएस त्याच्याही आधी. जुन्या गाड्यांत बेस मॉडेल म्हणजे नुसता डबा असायचा. आणखी दोन वर्षं जुनी गाडी स्वस्त मिळते म्हणून ह्या गोष्टी सोडू नयेत."

"पण काकू, आता पंपावर सगळीकडे 20 टक्के इथेनॉल. ते जुन्या गाड्यांना चालतं का?"

"आपल्याच लोकांचा ऊस, आपल्याच गाडीत!" काकू हसल्या. "एप्रिल 2023 पासूनच्या गाड्या त्या हिशेबाने बनवलेल्या आहेत. आधीच्या गाडीचं अॅव्हरेज थोडं पडतं, रबरी पाइप, गॅस्केट लवकर बदलावे लागू शकतात. भाच्याला सांगते, पेट्रोलची लाइन आधी बघ म्हणून. सौदा मोडण्याइतकं ते मोठं नाही, भाव पाडण्याइतकं आहे."

मग परीक्षा सुरू झाली. काष्टीच्या बाजारात बैल घेणारा शिंगांच्या रंगाला भुलत नाही, दात बघतो, तसं गाडीचं वय भलत्याच ठिकाणी बघायचं म्हणे. टायरच्या कडेला शेवटचे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 3519 म्हणजे 2019 चा पस्तिसावा आठवडा. मीटर 28 हजार सांगतंय, पण गाडीबरोबर आलेले टायर जाऊन नवे चढलेत, तर का, ते विचारायचं. क्लचचं पेडल गुळगुळीत झालंय का, स्टिअरिंगचं कव्हर कशाला घातलंय? सगळ्या काचांवर वर्षाची खूण असते. एकच काच वेगळ्या वर्षाची असली तर ती का फुटली?

"आणि पाय ठेवायची चटई उचलायची, खालचं कार्पेटही. सीटच्या रुळांवर गंज, बेल्ट पूर्ण ओढल्यावर चिखलाची रेघ, म्हणजे गाडी पुरात बुडालेली. 2019 ला सांगली-कोल्हापूरला केवढं पाणी आलं होतं! पलीकडच्या गल्लीत एकाने अशीच चकचकीत गाडी आणली. पावसाळा लागला आणि वायपर लावला की हॉर्न वाजायला लागला." (हे अर्थातच काकूंचं मीठ-मसाला लावलेलं.)

इन्शुरन्सचा कागद मात्र मला नवा होता. पॉलिसीवर नो क्लेम बोनस लिहिलेला असतो. इतकी वर्षं वापरलेल्या गाडीला तो शून्य दिसला, तर क्लेम झालेला असू शकतो. मग कशाचा, ते मालकाच्या तोंडून काढायचं. आणि तो बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. आपल्या नावावर पॉलिसी आली की आपला हिशेब पहिल्यापासून.

"म्हणजे तुमच्या बजेटचे चार लाख ही गाडीची किंमत धरूच नको," काकू म्हणाल्या. "साडेतीनला सौदा ठरव. उरलेल्यात ट्रान्सफर, इन्शुरन्स, टायर, बॅटरी. माणसं सगळे पैसे गाडीवर उधळतात आणि मग टायरसाठी पतपेढीत जातात."

"बाई शिक्षिका आहेत, काकू. फसवणार नाहीत."

"शिक्षिका आहेत म्हणून तर कागद नीट असतील, मग बघायला काय जातंय? आरसीवर बँकेचा बोजा आहे का? कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म 35 हवा. ट्रान्सफरला 29 आणि 30 नंबरचे फॉर्म. नुसत्या ह्या ट्रान्सफरच्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी फिरवायची नाही, त्यांनाही सांग. सुप्रीम कोर्टाने 2018 मध्येच सांगितलंय, आरसीवर ज्याचं नाव, अपघाताची भरपाई त्याच्या गळ्यात. हे कळलं की बाई स्वतःच तुला आरटीओत ओढत नेतील."

"नंबर बदलतो का हो? त्यांची एमएच-12, आपलं पासिंग बारामतीचं, एमएच-42."

"नंबर तोच राहतो. तुझ्या नवऱ्याला बरं, पुण्याची गाडी म्हणून मिरवेल."

तेवढ्यात हे आले. मी सांगितलं, वॅगन-आर बघायला रविवारी शिरूरला जायचंय, काकूंचा भाचा बरोबर येईल, दुपारी नको, सकाळी इंजिन गार असताना. ह्यांनी विचारलं, "रंग कुठला आहे?"

काकू माझ्याकडे बघत म्हणाल्या, "भाच्याचे पाचशे रुपये वेगळे हं."